उजेड तुझ्याच गाडीत आहे

अगं, काल रात्री तुझा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. "ताई, पाळधीच्या पुढे मला रस्ताच दिसत नव्हता. उद्याच मोठे बल्ब टाकून घेते," एवढं बोललीस आणि फोन ठेवलास. तव्यावरची भाकरी करपली, पण माझं लक्ष तुझ्या आवाजातल्या धडधडीकडे होतं. ती धडधड मी स्वतः अनुभवली आहे. म्हणून सांगते, बल्ब घ्यायला जाण्याआधी माझं सगळं ऐकून घे. मग तुझं तू ठरव.

जळगावहून एरंडोलला येणारा आपला हायवे चौपदरी झाला तेव्हा मलाही वाटलं होतं, चला, रात्रीचं भ्या गेलं. पण रस्ता रुंद झाला तसा गाड्यांचा वेग वाढला आणि आपले डोळे होते तेवढेच राहिले. कापसाच्या दिवसांत जिनिंगकडे निघालेली बैलगाडी असते, तिच्यामागे ना दिवा ना लाल पट्टी. उसाची ट्रॉली असते. सर्व्हिस रोडवरून उलट्या बाजूने येणारा ट्रॅक्टर असतो. ताशी 60 ने निघालीस तर गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर जाते. समोर काही आहे हे डोळ्यांना कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीडेक सेकंद, म्हणजे 25 मीटर गेलेच. त्यानंतर गाडी थांबायला आणखी वीसेक मीटर. एकूण 45. वेग 80 असला की हाच आकडा 70 च्या घरात जातो. आणि डिपरवर गडद कपड्यातला माणूस जेमतेम चाळीस-पन्नास मीटरवर नजरेला पडतो. तुला वाटलेली भीती खरी आहे गं. तिला भित्रेपणा समजू नकोस. चांगला उजेड हवाच. तो कुठून आणायचा, तेवढंच मला सांगायचं आहे.

आता माझी चूक सांगते. ही तुला कधी बोलले नव्हते.

पहिली जुनी गाडी घेतली तेव्हा मलाही असंच दिसत नव्हतं. दुकानात सांगितलं गेलं, "ताई, 100/90 टाका, रात्रीचा दिवस होईल." मी टाकले. आठ दिवस खरोखर दिवस झाला. येताजाता मी खूश होते. मग एका रात्री धुळ्याहून परतताना पारोळ्याच्या अलीकडे गाडीत जळक्या प्लॅस्टिकचा वास यायला लागला. मला वाटलं शेतात कोणी काही जाळत असेल. दोन मिनिटांत डावा दिवा गेला, आणि थोड्या वेळाने उजवाही. मागे लेकरं झोपलेली आणि समोर ठार अंधार. चारही इंडिकेटर लावून त्यांच्या उघडमिटीत मी गाडी कशीबशी कडेला घेतली. बॉनेट उघडून मोबाइलचा उजेड पाडला. बल्बचा पांढरा होल्डर तपकिरी होऊन मेणासारखा ओघळला होता. एक पिन त्यात रुतून बसली होती. वायरीला हात लावला तर वरचं आवरण कोरड्या पापडासारखं तुटून हातात आलं. काचेच्या आतली चांदीसुद्धा धुरकट पडली होती. ती चांदी परत येत नाही. हेडलाइटचा अख्खा डबा बदलावा लागला.

असं का झालं ते नीट समजून घे, कारण ते समजलं की कोणी तुला फसवू शकणार नाही. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत एच-फोर जातीचा बल्ब असतो. अप्परला 60 वॅट, डिपरला 55. म्हणून त्यावर 60/55 लिहिलेलं असतं. 12 व्होल्टच्या हिशोबाने एका बल्बला पाच अँपियर लागतात. 100 वॅटचा तोच हिशोब सव्वाआठ अँपियरवर जातो. वायर तीच, स्विच तोच, होल्डर तोच, आणि त्यातून दीडपटीहून जास्त करंट. नळाला मोठं तोंड बसवलं म्हणून मागची पाइप रुंद होत नाही ना? इथे तर पाइप तापते. फ्यूज उडाला असता तर बरं झालं असतं, पण वारंवार उडतो म्हणून कोणीतरी आधीच मोठा फ्यूज टाकून ठेवलेला होता. तुझ्या गाडीत तसं काही केलंय का, हे आधी बघ.

आणि खरं सांगू? होल्डर वितळल्याचं मला तेवढं वाईट वाटत नाही. त्याच आठवड्यात आपले अण्णा शेतातून उशिरा आले, मोटरसायकल लावली आणि ओसरीवर नुसते बसून राहिले. आई म्हणाली, पाणी घ्या. ते म्हणाले, "थांब. कासोद्याच्या रस्त्याला समोरून एक गाडी आली, असा पांढरा फक्क उजेड. मला काही दिसंना. गाडी उभी करून डोळे मिटून थांबलो." त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तेव्हा व्हायचं होतं. मोतीबिंदूच्या डोळ्यात समोरचा उजेड पसरतो, सगळं एकदम दुधाळ होतं. मोतीबिंदू नसला तरी साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, आणि दिपलेला डोळा सावरायलाही जास्त वेळ घेतो. मी गप्प उभी होते. ती गाडी माझी नव्हती. पण त्या आठवड्यात माझ्या समोरून असे किती अण्णा आले असतील, आणि त्यांनी कुठे गाडी उभी केली असेल? तेव्हापासून हेडलाइटचा विचार करताना मला आधी ती ओसरी आठवते.

म्हणून माझा क्रम लक्षात ठेव: आधी काच, मग कोन, मग वायर, आणि बल्ब सगळ्यात शेवटी. बहुतेक गाड्यांत उजेड कमी नसतोच, तो वाटेत हरवलेला असतो.

काचेपासून सुरू कर. तिला आपण काच म्हणतो, पण आजकालच्या गाड्यांत ते पॉलिकार्बोनेट असतं, म्हणजे कडक प्लॅस्टिक. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा 45 अंशांना टेकतो. त्या उन्हात गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की वरचा संरक्षक थर जातो आणि काच पिवळी, धुरकट होते. असा पिवळा पडदा उजेड अडवतो, आणि जो बाहेर पडतो त्यालाही सैरावैरा पसरवतो. म्हणजे तुला कमी दिसतं आणि समोरच्याच्या डोळ्यात जास्त जातं, दोन्हीकडून नुकसान. उपाय सोपा आहे. कडेच्या पत्र्याला चिकटपट्टी लाव. पाण्याचा पेपर, म्हणजे ओला वापरायचा घासकागद, आधी 800 चा, मग 1000, मग 2000, भरपूर पाणी लावून घास आणि शेवटी पॉलिश कर. काच नव्यासारखी होईल. पण इथेच थांबू नकोस. वरून ऊन अडवणारा थर मारून घे, नाहीतर दोन-चार महिन्यांत पुन्हा तीच पिवळी. तू रोज काचेला टूथपेस्ट लावतेस ना, ती सोडून दे. चमक दोन दिवस टिकते आणि उरलेला थर झिजतो. तेवढ्यात समोरची मोठी काच आतूनही पुसून घे. तिच्यावर बसलेला तेलकट थर रात्री समोरचा दिवा पसरवतो.

मग कोन. ही गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर माझे किती पैसे वाचले असते! डिपरचा उजेड भिंतीवर पाडला की वर अंधार, खाली उजेड आणि मध्ये एक स्वच्छ रेघ दिसायला हवी. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, म्हणून ही रेघ डावीकडे थोडी वर चढते. कडेचा माणूस, दगड, खड्डा दिसावा आणि उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यात जाऊ नये, यासाठी ती तशी आखलेली असते. गाडी सपाट जागी भिंतीपासून 10 मीटरवर उभी कर. चाकांत हवा बरोबर, डिकी रिकामी, चालकाच्या जागेवर एक माणूस, आणि डॅशबोर्डवर हेडलाइट वरखाली करायचं चाक असेल तर ते शून्यावर. बल्बचा मध्य जमिनीपासून जितका उंच आहे तेवढ्या उंचीवर भिंतीवर खडूने खूण कर. उजेडाची रेघ त्या खुणेच्या साधारण 10 सेंटिमीटर खाली हवी.

दहाच सेंटिमीटर का, ते बघ. तुझ्या गाडीचा दिवा जमिनीपासून 65 सेंटिमीटरवर आहे असं धर. दर 10 मीटरला उजेड 10 सेंटिमीटर खाली उतरत असेल तर तो रस्त्याला 65 मीटरवर टेकतो. तोच 20 सेंटिमीटर उतरत असेल तर 32 मीटरवरच संपतो. कुठल्यातरी खड्ड्याने दिवा एवढासा खाली झुकला तर तुझा अर्धा रस्ता गेला. मग तू कितीही महाग बल्ब घाल, तो बॉनेटपुढची माती उजळत बसेल. उलट दिवा वर झाला असेल तर अण्णांच्या डोळ्यात. हे सगळं एका स्क्रूच्या दोन-तीन फेऱ्यांचं काम आहे. आणि ते चाक विसरू नकोस. मागे सासरची माणसं आणि डिकीत धान्याचं पोतं असलं की गाडीचं नाक वर होतं. तेव्हा चाक एक किंवा दोनवर आणायचं. नवीन गाडी घेतली तेव्हा तुला ते कोणी सांगितलं का? मला तर कोणीच नाही.

आता वायर. इथे सगळ्यात जास्त उजेड दडलेला असतो. हॅलोजन बल्बला व्होल्टेज जरा कमी मिळालं तर उजेड जराच कमी होत नाही, खूप कमी होतो. व्होल्टेज 5 टक्क्यांनी घटलं की उजेड 16 टक्क्यांनी घटतो, आणि 10 टक्क्यांनी घटलं की 30 टक्के उजेड गेलाच. माझ्या गाडीत इलेक्ट्रिशियनने मीटर लावून दाखवलं. इंजिन चालू, डिपर चालू. बॅटरीवर 13.8 व्होल्ट. मग बल्बच्या मागच्या पिनांवर सुया टेकवल्या तर 11.9! जवळपास दोन व्होल्ट वाटेतच गायब. हिशोब केला तेव्हा कळलं की 40 टक्के उजेड बल्बपर्यंत पोचतच नव्हता. मी एवढी वर्षं बल्बला दोष देत होते.

ते दोन व्होल्ट कुठे गेले? थोडे बारीक वायरीत, थोडे स्टीअरिंगजवळच्या स्विचमध्ये, थोडे कपलरच्या काळ्या पडलेल्या पिनांत, आणि बरेचसे अर्थिंगमध्ये. बॉडीला जिथे अर्थची वायर स्क्रूने कसलेली असते तिथे गंज चढतो. तो खरवडून, पत्रा चकचकीत करून पुन्हा कसला तरी कितीतरी फरक पडतो. एवढ्याने भागलं नाही तर रिले लावायचा. म्हणजे काय, तर बॅटरीपासून बल्बपर्यंत जाड वायर थेट आणायची आणि जुन्या स्विचने फक्त रिलेला "चालू हो" एवढंच सांगायचं. मोठा करंट स्विचमधून जातच नाही. कपलरवाली तयार वायरिंग मिळते, तीत काही कापावं लागत नाही. काम करून घेताना मात्र उभी राहून चार गोष्टी बघ. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली का. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ आहे का. लांब लावला तर मधली वायर उघडी पडल्यावर तो काही वाचवणार नाही. अप्परला आणि डिपरला वेगवेगळा रिले आहे का. आणि वायर पत्र्याच्या धारेवरून जाते तिथे रबर आहे का. माझ्या गाडीत हे झाल्यावर पिनांवर 13.4 आले आणि त्याच 60/55 च्या बल्बने दीडपट उजेड दिला. एक वॅटही वाढवला नाही. तुझी गाडी वॉरंटीत असेल, किंवा तिच्या दिव्यांवर कॉम्प्युटर लक्ष ठेवत असेल, तर बाहेर वायरीला हात लावू देऊ नकोस. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच व्होल्टेज तपासायला सांग.

इतकं झाल्यावर बल्ब. जुना बल्ब जळाला नसला तरी म्हातारा झालेला असतो. आतून काच काळसर दिसली की समज. नवे घेताना दोन्ही एकदम बदल, आणि तेवढ्याच वॅटचे घे. 60/55 मध्येच जास्त उजेडाचे म्हणून बल्ब येतात. त्यांची तार बारीक आणि नेमक्या जागी बसवलेली असते, म्हणून रस्त्यावर उजेड जास्त एकवटतो. त्यांचं आयुष्य मात्र कमी असतं, हे धरून चाल. खोक्यावर नाही, बल्बच्या धातूच्या बुडावर गोलात 'ई' अक्षर आणि आकडा कोरलेला आहे का ते बघ. ती मान्यतेची खूण. 100/90 वर ती सापडायची नाही. निळ्या काचेचे घेऊ नकोस. पांढराशुभ्र उजेड डोळ्यांना जोरदार वाटतो, पण निळा थर बल्बचा काही उजेड गिळून टाकतो. आपल्या पावसाळ्यात ओल्या डांबरावर तर साधा पिवळसर उजेडच बरा वाटतो.

बसवताना काचेला बोट लावायचं नाही. ही नुसती म्हणायची रीत नव्हे. हॅलोजनची काच क्वार्ट्झची असते आणि चालू असताना अडीचशे अंशांच्या वर तापते. बोटाचं तेल जिथे लागतं तिथे ती जास्त तापून कमजोर होते. चुकून लागलंच तर स्पिरिटने पुसून मगच बसव. आत गॅस दाबाने भरलेला असतो, म्हणून गरम बल्ब काढू नकोस आणि काढताना चेहरा जवळ नेऊ नकोस.

एलईडीचं विचारशील, मला माहीत आहे. ऑफिसमधल्या सगळ्यांनी टाकलेत म्हणालीस. कंपनीतूनच एलईडीचा हेडलाइट आलेली गाडी असेल तर उत्तम. पण हॅलोजनच्या डब्यात एलईडी बल्ब खोचणं वेगळी गोष्ट आहे. एच-फोर बल्ब हातात घेऊन नीट बघ. आत दोन तारा दिसतील, आणि डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक चिमुकली वाटी. ती वाटी खालच्या बाजूचा उजेड अडवते, म्हणून डिपरला ती स्वच्छ रेघ मिळते. बल्बमागचा डब्यातला आरसा या तारेच्या जागेवरून मिलिमीटरच्या हिशोबाने आखलेला असतो. एलईडीचा ठिपका तिथून जरा सरकला की रेघ फाटते, जवळची जमीन लख्ख दिसते, लांबचा रस्ता हरवतो आणि समोरचा आंधळा होतो. जवळच्या लख्ख उजेडाने आपले डोळेही फसतात. वाटतं किती छान दिसतंय, आणि लांबची बैलगाडी दिसतच नाही. जर्मनीत 2020 पासून असे काही एलईडी बल्ब अधिकृत झाले, तेही तपासलेल्या ठरावीक गाड्यांच्या यादीपुरतेच. फुटपाथवरच्या खोक्याला अशी यादी असते का, तूच सांग.

कायद्याचंही ऐकून ठेव, कारण गाडी तुझ्या नावावर आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर, परवानगी नसलेला बदल गाडीत केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत 106 वा नियम आहे, तो मला फार आवडतो. दिव्यापासून 8 मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला दिपवेल असा उजेड नको. एकतर तो कायम खाली झुकलेला हवा, नाहीतर चालकाला खाली झुकवता यायला हवा. दीड मीटर म्हणजे कोण गं? मोटरसायकलवर बसलेले आपले अण्णाच की. दिल्लीत नियम लिहिणाऱ्याला अण्णा माहीत नव्हते, पण त्याने त्यांचाच विचार केला.

म्हणून डिपर देणं ही मेहरबानी समजू नकोस. हायवेवर मध्ये दुभाजक तरी आहे. कासोद्याच्या रस्त्याला, धरणगावच्या रस्त्याला, पद्मालयाच्या जंगलातल्या वाटेवर काहीच नाही. समोर दिवा दिसला की लांबूनच डिपर दे. समोरच्याने दिला नाही तरी तू दे. रागाने अप्पर मारलंस तर दोन आंधळे एकमेकांकडे येतील, एवढंच होईल. तेव्हा नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेव आणि वेग कमी कर. दिपलेल्या पाच सेकंदांत 60 च्या वेगाने गाडी 80 मीटरच्या वर जाते.

आता चैत्र लागेल. रामनवमीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगी गडावर यात्रा असते. आपल्या गावागावांतून लोक पायी निघतील. उन्हामुळे ते रात्रीच चालतात, तुला माहीत आहे. हातात भगवा झेंडा, डोक्यावर बोचकं, मागे थकलेली लेकरं, बाया अनवाणी. ते सगळे तुला लांबून दिसायला हवेत आणि त्यांना पायाखालचा रस्ता दिसायला हवा. चांगला हेडलाइट ही दोन्ही कामं करतो.

तेव्हा असं कर. बल्बच्या दुकानात जाऊ नकोस, रविवारी इकडे ये. येताना पाण्याचा पेपर आण, मीटर मी इलेक्ट्रिशियनकडून मागून ठेवते. दिवसा काच घासू, पिनांवरचे व्होल्ट बघू, गंज काढू. अंधार पडला की गाडी जिनिंगच्या भिंतीसमोर लावू आणि रेघ बरोबर आणू. मग गाडी वळवून अण्णांना 8 मीटरवर त्यांच्या मोटरसायकलवर बसवू आणि डिपर लावू. त्यांनी डोळ्यांवर हात धरला तर स्क्रू अजून फिरवायचा. हात खाली ठेवून ते म्हणाले, "हां, आता दिसतंय मला," की बॉनेट बंद करायचं आणि जेवायला बसायचं. भरीत-भाकरी करून ठेवते.